रामीबाईच्या तोंडातला शब्द

रिठदच्या अलीकडे डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो आणि तुरीच्या शेतांमधून तांड्यावर जातो. त्या तांड्यावर रामीबाई राहते. नवरीला रडायला शिकवणं हे तिचं काम. हसू नका. बंजारा समाजात मुलगी सासरी निघाली की नुसतं मुळूमुळू रडून भागत नाही. आईचं, बापाचं, भावाचं, एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून रडावं लागतं. त्याला ढावलो म्हणतात. पूर्वी लग्नाआधी कितीतरी दिवस म्हातारी बाई नवरीला ते शिकवायची. आता नवऱ्या पार्लरमध्ये बसतात आणि काजळ पसरेल म्हणून रडत नाहीत. त्यामुळे रामीबाईकडे शिकायला कोणी येईना. आवाज मात्र होता तसाच राहिला.

मी रिसोडचा विमा एजंट. ‘उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर’ असं विचारण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला येताना पाहून अर्धी माणसं रस्ता बदलायची. मग मी कादंबरी लिहिली आणि उरलेली अर्धीही बदलायला लागली. कादंबरी तांड्याची होती, ‘बिनखिडकीचं गाव’. शेवटच्या प्रकरणात नवरीची पाठवणी होती आणि ती लिहिण्यासाठी ढावलो ऐकायला मी रामीबाईकडे गेलो होतो. तिथून आमची ओळख.

अंगावर आरशांची जुनी कांचळी, हातभर गोंदण, पुढचे दोन दात गेलेले आणि जीभ मात्र तिखट. पहिल्याच भेटीत तिनं मला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, “विमावाले भाऊ, मी मेल्यावर पैसे कोनाले भेटन ते आत्ताच सांगून द्या. त्याच्यासंग भांडून घेते जितेपनीच.” मी मोकळेपणानं हसलो. मग तिनं डोळे मिटले, पदर कपाळावर ओढला आणि गायला लागली, तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं. नाव घेऊन ती शेवटी ‘आव’ म्हणायची. आव म्हणजे ये. तो शब्द असा लांबत जायचा की आपल्यालाच कोणीतरी फार लांबून बोलावतंय असं वाटायचं. मी माझ्या आईला घरी फोन लावला, उगीचच.

“दर वेळी आव काहून म्हणता?” मी विचारलं.

“जित्याले आव म्हनाव,” ती म्हणाली. “मेल्याले जा म्हनाव. दोन्ही रडनं सारखंच हाय, फरक तेवढाच.”

“आणि मेलेल्याला आव म्हटलं तर?”

“तं तो येते ना.” तिनं हे ‘पाहुणे येतात’ म्हणावं तसं सांगितलं. “येते अन् मंग त्याले बसाले जागा नसते. ना घरात, ना बाहेर. म्हनून तोंड सांभाळाव लागते.”

घरात चुलीपाशी तिची सून शीला भाकरी थापत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

शीलाचं आणि रामीबाईचं दुःख एकच होतं, पण दोघींनी ते दोन बाजूंनी धरलं होतं. रामीबाईचा नवरा धनसिंग तरुणपणीच गेला. मुलगा एकच, बादल. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बादल आणि शीला, तांड्यातल्या सगळ्यांसारखे, ट्रकात बसून ऊसतोडीला गेले. एका सकाळी बादल फडावरून दळण आणायला निघाला तो परत आलाच नाही. मुकादमानं शोधलं, पोलिसांत नोंद झाली, विहिरी पाहिल्या, दवाखाने पाहिले. हंगाम संपल्यावर ट्रकातून शीला एकटीच उतरली. तेव्हापासून ती कुंकू लावून वाट पाहते. तिचा भाऊ मदनसिंग मेडशीहून अधूनमधून येतो आणि म्हणतो, “चाल, दुसरं घर मांडून देतो, वय काय झालं तुह्यं.” ती म्हणते, “आधी त्याचा पत्ता लावून द्या, मंग चालते.” रामीबाई या विषयावर बोलायची नाही. मुलाचं नावही घ्यायची नाही.

कादंबरी छापून आली. प्रकाशकानं आवृत्तीचे गठ्ठे माझ्याच घरी आणून टाकले आणि ‘आजकाल लेखकानं स्वतःच सोशल मीडियावर दिसायला पाहिजे’ असं सांगून तो निघून गेला. बायकोनं त्या गठ्ठ्यांवर गाद्या रचल्या. मी रोज सकाळी सगळ्या ग्रुपवर मुखपृष्ठ टाकायचो. लोक अंगठा दाखवायचे. ‘अभिनंदन सर’ म्हणायचे, पुष्पगुच्छाचं चित्र टाकायचे आणि भेट म्हणून एक प्रत मागायचे. विकत कोणी घ्यायचं नाव नाही. शेवटी मी स्टँडजवळच्या हरीओमकडे गेलो.

हरीओमचा फोटो स्टुडिओ आहे. वाढदिवसाचे बॅनर, लग्नाचे अल्बम आणि श्रद्धांजलीचे फोटो यांवर त्याचं घर चालतं, आणि रिसोडच्या निम्म्या दुकानांचे रील तोच बनवतो. दोन मुलांचा बाप आहे, पण कॅप्शन लिहिताना कॉलेजातल्या पोरासारखा रमतो. त्यानं मला लिंबाखाली बसवून कादंबरीतला उतारा वाचायला लावला. ते रील पाहिलं बहुधा मी, माझ्या बायकोनं आणि त्यानं.

“काका, राग नका मानू,” तो म्हणाला, “पन तुमचा चेहरा चालत नाई. तुमी बोलाले लागले की लोकायले हप्ता आठोते.”

मी राग मानलाच. पण त्याच वेळी माझ्या फोनमधलं रामीबाईचं रेकॉर्डिंग त्यानं ऐकलं, आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली. जो कोणी पुस्तक मागवेल त्याला रामीबाईच्या आवाजात त्याच्या नावाची हाक पाठवायची. पुस्तक पोस्टानं, हाक व्हॉट्सॲपवर.

मला वाटलं म्हातारी आम्हाला हाकलून देईल. पण ती तयार झाली. मोबदल्याचं बोलायला लागलो तर तिनं हातानंच थांबवलं. “एवढ्या लोकायले हाका मारीन,” ती म्हणाली, “हिंडत हिंडत एखादी तं त्याच्या कानावर जाईन.” कोणाच्या, ते तिनं सांगितलं नाही. मी म्हटलं, “मग सरळ बादललाच हाक मारा ना एकदा. आम्ही टाकतो.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाटेवरून उठून उभाच राहिलो.

“माह्यं तोंड माह्यं नाई, भाऊ,” ती म्हणाली. “नाव घेतलं की शब्द आपल्या मनानं येते. त्याचं नाव घेतल्यावर कोनता येईन, मले काय माईत?”

तेव्हा मला ती म्हातारपणाची बडबड वाटली. आपण शिकलेली माणसं अशा वेळी समजूतदार चेहरा करून मान हलवतो, तशी मी हलवली.

पहिलं रील हरीओमच्याच नावाचं. ती ‘हरीओम’ म्हणून ‘आव’ म्हणाली आणि हा गडी मोबाईल धरल्या हातानं ढसाढसा रडला. त्याचं ते रडणंही रीलमध्ये आलं आणि त्यानं ते कापलं नाही. रील जे धावत सुटलं ते थांबेना. पुण्याहून, नांदेडहून, कुठून कुठून ऑर्डर यायला लागल्या. परदेशात शिकणाऱ्या पोरी आपलं नाव पाठवायच्या आणि हाक ऐकून ‘आईची आठवण आली’ असं लिहायच्या. माझ्या गाद्या हळूहळू खाली उतरायला लागल्या. पुस्तक कोणी वाचलं का, हे मी कोणाला विचारलं नाही. लेखकानं काही प्रश्न विचारू नयेत.

तोवर दिवाळी झाली. तांड्यावर ट्रक येऊन लागले, माणसं, भांडी, शेळ्या, लेकरं त्यात चढली आणि ऊसतोडीला निघून गेली. दाराला कुलपं, ओट्यावर धूळ, आणि मागे राहिलेले म्हातारेकोतारे आणि कुत्री. शीला आता ऊसतोडीला जात नाही, आसपासच्या शेतांत मजुरी करते. आम्ही दुपारी तांड्यावर जायचो तेव्हा सगळ्या बंद घरांमधून फक्त रामीबाईचा ‘आव, आव’ असा आवाज फिरत असायचा. येणारं तर कोणी नव्हतं. मला ते ऐकवत नसे.

एकदा ऑर्डरीत नाव आलं, सोमला. हरीओमनं वाचलं. रामीबाईनं पदर ओढला, नाव घेतलं आणि म्हणाली, “जा.”

हरीओमला वाटलं चुकलं. “रामीबाई, आव म्हना ना.”

तिनं पुन्हा नाव घेतलं. पुन्हा ‘जा’च आलं. तिचे डोळे उघडले आणि ती स्वतःच घाबरलेली दिसली. पदराखाली हात गुंडाळून ती म्हणाली, “आता नाई होत.” आम्ही निघालो. रस्त्यात हरीओमनं त्या ग्राहकाला फोन लावला, हाक पाठवायला उशीर होईल म्हणून. पलीकडून एक बाई बोलली. “काही हरकत नाही. सोमला माझे वडील. पोळ्याच्या सुमारास गेले. त्यांना वाचनाची आवड होती, म्हणून त्यांच्या नावानं मागवलं.”

हरीओमनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली.

पुढेही असं झालं. हयात नसलेल्या आजीच्या, भावाच्या, मित्राच्या नावानं लोक पुस्तक मागवायचे. आम्ही रामीबाईला काही सांगायचो नाही, आणि तिच्या तोंडून बरोबर ‘जा’ यायचं. एकदाही चुकलं नाही. मी विमावाला माणूस. कोण कधी मरेल याचा अंदाज बांधण्यावर आमचा धंदा उभा आहे, पण ते कोष्टकं पाहून. इथे एक बाई नुसतं नाव ऐकून सांगत होती. मला तिच्यासमोर स्वतःचं नाव निघेल की काय अशी धास्ती वाटायला लागली. हरीओमनं तर घरच्यांना बजावून ठेवलं की तिच्यासमोर लेकरांची नावं घ्यायची नाहीत.

शीलाला मात्र यात दुसरंच काही दिसलं. ती हुशार बाई. दारात उभी राहून रोज पाहायची, ऐकायची. तिच्या इतक्या दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच घरात, तिच्या सासूच्या तोंडात होतं.

त्या दिवशी हरीओम एकामागून एक नावं वाचत होता. मोबाईल तिवईवर लावून शूटिंग चालू. “निकिता,” तो म्हणाला. आव. “वैष्णवी.” आव. त्याच ओघात त्यानं पुढचं वाचलं, “बादल.”

वाचल्यावर त्याला कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण नाव हवेत गेलं होतं. रामीबाईनं सवयीनं श्वास ओढला, ओठ उघडले, गळ्याची शीर ताणली गेली. आणि शब्द बाहेर पडणार तेवढ्यात तिनं दोन्ही तळहात तोंडावर दाबले. इतके जोरात की गोंदणावरची कातडी पांढरी पडली. हातांमागे काहीतरी धडपडत होतं, तिचे गाल फुगत होते, डोळे मोठे झाले होते. मी आयुष्यात इतका घाबरलो नाही.

दारातून शीला म्हणाली, “मीच टाकलं ते नाव. भावाच्या फोनवरून.”

‘आव’ येणार असता तर त्या आईनं तोंड कशाला दाबलं असतं? मला कळलं, हरीओमला कळलं. शीलाला कळलं नाही, किंवा तिनं कळून घेतलं नाही.

“बाईनं भेऊन तोंड धरलं,” ती म्हणाली. “शब्द तं आलाच नाई. तुमी ऐकला? नाई ना? मंग तो जिता हाय.” आणि हरीओमकडे वळून, “हे टाका मोबाईलवर. जिथं असन तिथं पाह्यन. मायचे असे हाल पाहून कोनता लेक घरी येनार नाई?”

रामीबाई तोंडावर हात दाबून मान हलवत होती, नाही, नाही. पण नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? हरीओमनं ते टाकलं. वर लिहिलं, ‘बादल, तुझी आई वाट पाहते आहे.’ आणि नेहमीच्या साच्याप्रमाणे शेवटी माझ्या कादंबरीचं मुखपृष्ठ आणि मागवण्याचा नंबर आपोआप लागला. ते पाहून मी त्याच्यावर ओरडलो. तोवर हजारो लोकांनी ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोचला. खाली लोक एकच शब्द लिहीत होते. ‘आव बादल आव.’ कोणी हात जोडलेलं चित्र टाकून, कोणी रडकं तोंड टाकून. ज्यांना बंजारा बोली येत नाही तेही लिहीत होते, आव. माझी आवृत्ती संपली. प्रकाशकाचा फोन आला, गोड आवाजात. मी भारावून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तसाच तांड्यावर गेलो आणि रामीबाईसमोर मोबाईल धरला.

“बघा,” मी म्हणालो, “सगळा महाराष्ट्र तुमच्या बादलला आव म्हणतोय.”

तिचा हात तोंडावरच होता. त्या दिवसापासून तिनं तो काढलाच नव्हता. जेवताना भिंतीकडे तोंड करायची, चिमणीएवढा घास आत सारायची आणि लगेच तळवा दाबायची. माझं बोलणं ऐकून तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे, आणि दुसऱ्या हातानं तो असा भिरकावला की कडब्यात जाऊन पडला. कडब्यात हात घालून मोबाईल शोधता शोधता मला तिचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. मेल्याला आव म्हटलं तर तो येतो.

मी तिथूनच हरीओमला फोन लावला, “ते आत्ताच्या आत्ता काढून टाक.”

“काढतो काका,” तो म्हणाला, “पन दुसऱ्या लोकायनं उतरवून आपापल्या पेजवर टाकलं हाय. आता ते थांबत नसते. अन् आनखी एक सांगाचं होतं. एक कमेंट आली.”

खात्याला नाव म्हणून नुसतं एक टिंब होतं. फोटो नाही. लिहिलं होतं, ‘याडी, निघालो.’

याडी म्हणजे आई. सगळ्या तांड्यांवर आईला याडीच म्हणतात, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. कोणा रिकामटेकड्याचा चावटपणा, असं मी म्हणालो आणि चार शिव्या घातल्या. शीलाला मात्र हरीओमनं सांगून टाकलं होतं. तिनं व्हिडिओ काढून टाकू दिला नाही. “त्याचा निरोप तिथंच येईन,” ती म्हणाली. त्या खात्यावर तिनं किती निरोप पाठवले, भावाला पाठवायला लावले. उत्तर नाही. खातं उघडलं की आत काहीच नसायचं.

मग कमेंट आली, ‘जिंतूर आलं.’

ऊसतोडीकडून आमच्याकडे यायचा रस्ता तोच. शीलानं घर सारवलं. रामीबाई कोपऱ्यात बसून तिच्याकडे पाहत होती, तोंडावर पदराचा बोळा. मी सांगतो, त्या घरात एक बाई नवरा येणार म्हणून आनंदात होती आणि दुसरी मुलगा येणार म्हणून भीतीनं अर्धी झाली होती. दोघींच्या मधोमध बसून मला कोणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं.

‘सेनगाव. याडी, पाय दुखून राह्यले.’

“चालत येऊन राह्यला,” शीला म्हणाली. “खिशात काई नसन. सेनगाव म्हंजे आता रिसोडच.” ती पहाटे उठली, नवं लुगडं नेसली, डबा बांधला आणि रिसोडच्या स्टँडवर जाऊन उभी राहिली. मी दुपारी तिकडे गेलो. एसट्या येत होत्या, जीपवाले ओरडत होते, बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेली माणसं चहा पीत होती. शीला प्रत्येक गाडीच्या दाराशी जायची, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पाहायची आणि परत खांबापाशी येऊन उभी राहायची. मी म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, “बसले तं त्याले दिसनार नाई.” ऊन कलल्यावर मी तिला आणि हरीओमला घेऊन तांड्यावर निघालो.

घरी पोचून दारात उतरतो तोच हरीओमचा मोबाईल वाजला. त्यानं पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला. त्याला ते वाचवत नव्हतं. मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, कारण शीला माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘शीला स्टँडवर होती. लाल लुगडं. मी तिच्या म्होरं उभा होतो. तिले दिसलो नाई. याडी, आता रिठदच्या रस्त्याले लागलो. पाय लय दुखून राह्यले.’

स्टँडवर शंभर लोकांनी तिला पाहिलं असेल. कोणीही बसून हे लिहू शकतं. मी अजूनही तसंच म्हणतो. पण त्या वेळी शीलाचं लाल लुगडं माझ्यासमोर होतं आणि मला एवढंसुद्धा बोलता आलं नाही. शीला उंबऱ्यावरच खाली बसली. डबा तिच्या मांडीवर होता. आता तिलाही कळलं होतं.

आतून आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि तो गंजल्यासारखा झाला होता.

“पाय दुखते म्हनला?”

रामीबाईनं तोंडावरचा हात काढला होता. तळव्याचे वळ गालांवर उमटलेले होते.

“हो,” मी म्हणालो.

“लहानपनीही दुखाचे त्याचे,” ती म्हणाली. “दाबून द्याव लागत.” आणि उठली. मी आधार द्यायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. बंद घरांच्या मधून चालत ती तांड्याच्या टोकाला गेली, जिथून रिठदचा रस्ता दिसतो. सूर्य टेकला होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. पण तांड्यातली सगळी कुत्री येऊन तिच्या मागे उभी राहिली होती, त्या रस्त्याकडे तोंड करून, आणि एकही भुंकत नव्हतं.

तिनं पदर कपाळावर ओढला. इतकी वर्षं जे नाव तोंडातून काढलं नव्हतं ते घेतलं. बादल. ते नाव तिनं नवरीला शिकवायची तशा चालीत, हळूहळू लांबवत घेतलं. मग म्हणाली, “नोको चालू बाप्पा आता. किती चालशीन? जा रे. जा.”

तिचा आवाज शेतांवरून गेला. ती पुन्हा म्हणाली, जा. मग तिचे पाय गेले आणि हरीओमनं तिला धरलं. मी मोठा माणूस, केस पिकलेला, रस्त्यात उभा राहून पोरासारखा रडलो. ज्या शब्दासाठी तिनं इतके दिवस तोंड दाबून धरलं होतं, तोच तिला स्वतःहून द्यावा लागला, पोराचे पाय दुखतात म्हणून.

कुत्री एकेक करून पांगली.

आम्ही तिला घरी आणून खाटेवर निजवलं. शीला उंबऱ्यावरून हलली नव्हती. दिवा लावायची वेळ झाली होती, पण कोणी लावला नाही. माझ्या हातात हरीओमचा मोबाईल तसाच होता, आणि तो उजळला. टिंब नावाच्या त्या खात्यावरून आणखी एकदा काहीतरी आलं होतं. त्यानंतर त्या खात्यावरून कधी काही आलं नाही.

‘बरं याडी.’

मी ते रामीबाईला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटले आणि मान हलवली. शाळेतून आलेल्या मुलानं हातपाय धुतले का, याचं उत्तर मिळाल्यावर आई हलवते तशी.

शीला जवळ आली. मोबाईलमध्ये डोकावली. तिला वाचता येतं, पण अंधारात तिचे डोळे भरलेले होते.

“भाऊ,” ती म्हणाली, “खाली पाहा ना अजून. माह्यासाठी काई लिवलं हाय का?”

मी स्क्रीन खाली सरकवली. खाली सगळे अनोळखी लोकांचे ‘आव’ होते, आव, आव, आव, आणि मधेच कोणी माझ्या पुस्तकाची किंमत विचारली होती. मी अगदी शेवटपर्यंत पाहिलं. पुन्हा वर जाऊन पाहिलं.

“नाही,” मी म्हणालो.